नापासांच्या वर्गातली डॉक्टर

'मॉन्टेसरी' म्हणजे महागडी बालवाडी, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण या नावाची सुरुवात रोममधल्या एका छोट्याशा विशेष शाळेत झाली. ज्या मुलांना कुठलीच शाळा घेत नव्हती, त्यांचा निकाल लागला आणि एका डॉक्टर बाईला भलताच प्रश्न पडला!

तुमच्या कॉलनीत किंवा कॉलेजच्या वाटेवर एक तरी पाटी असेलच. रंगीत फुगे, हसणारा ससा आणि वर मोठ्या अक्षरांत 'मॉन्टेसरी'. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा शाळेचा एक प्रकार वाटतो, ज्युनिअर केजी, सीनिअर केजीसारखा. काहींना ते एखाद्या कंपनीचं नाव वाटतं. खरं तर ते एका बाईंचं आडनाव आहे. पूर्ण नाव मारिया मॉन्टेसरी. जन्म ३१ ऑगस्ट १८७०, इटलीतल्या आंकोना शहराजवळच्या कियाराव्हाले या गावात.

त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. अंगभर काळा पोशाख, पांढरे केस, आजीसारखा चेहरा. इटलीत युरो येण्याआधी हजार लिराच्या नोटेवरही तो होता. पण आज आपल्याला भेटायचंय ते या आजीला नाही. भेटायचंय साधारण तुमच्या-माझ्या वयाच्या, नाहीतर आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या मारियाला. कारण तिने आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम सुरू केलं तेव्हा ती तिशीची पण झाली नव्हती.

आधी इंजिनीअर व्हायचं होतं

मारियाचे वडील अलेसांद्रो अर्थखात्यात सरकारी अधिकारी, आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली, शिकलेली. वडिलांच्या बदल्यांमुळे कुटुंब आधी फ्लॉरेन्सला आणि १८७५मध्ये रोमला आलं. मुलगी शिकणार, मग शिक्षिका होणार, हे त्या काळात ठरल्यासारखंच असायचं. मारियाने मात्र तेराव्या वर्षी टेक्निकल शाळेत नाव घातलं. गणित आवडायचं, इंजिनीअर व्हायचं होतं. त्या शाळांमध्ये मुली जवळजवळ नव्हत्याच.

पुढे तिचा विचार बदलला आणि तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना हे अजिबात पटलं नाही, आई मात्र पाठीशी उभी राहिली. १८९०मध्ये तिने रोम विद्यापीठात निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला, ती पायरी पार केली आणि १८९३मध्ये मेडिकलला गेली. वर्गात सगळे मुलगे. मुलींसोबत शवविच्छेदन करणं अशोभनीय, असा तेव्हाचा नियम. मग काय, बाकीचे घरी गेल्यावर संध्याकाळी, एकटीने, मृतदेहासमोर उभं राहून तिने हे प्रॅक्टिकल पूर्ण केलं. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करताना रडू येतं. हिने तर हे महिनोनमहिने केलं!

जुलै १८९६मध्ये ती डॉक्टर झाली. मॉन्टेसरी या इटलीच्या पहिल्या महिला डॉक्टर, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, ते बरोबर नाही. त्यांच्याआधी मोजक्या काही जणी झाल्या होत्या. 'पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक' एवढंच म्हणायला हवं. त्याच वर्षी बर्लिनला महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इटलीची प्रतिनिधी म्हणून मारिया गेली आणि कामगार बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळायला हवा, यावर बोलली.

रिकाम्या खोलीतली मुलं

१८९७च्या सुमारास डॉ. मारिया रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागली. कामाचा एक भाग होता शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळांमध्ये फिरणं. तिथे मोठ्या रुग्णांबरोबर लहान मुलंही ठेवलेली असायची. कुणाला बोलता येत नव्हतं, कुणाला झटके यायचे, कुणी इतरांपेक्षा हळू शिकायचं. काहींच्या बाबतीत तर इतकंच होतं की शाळेला त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. या सगळ्यांना सरसकट एकच शब्द होता, त्याचा आपल्याकडच्या जुन्या बोलीत अर्थ 'मंद'. आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. तेव्हा हा शब्द एकदा चिकटला की शाळेचं दार कायमचं बंद.

त्यांच्या चरित्रांमध्ये एक प्रसंग नेहमी येतो. एका इस्पितळात अशी बरीच मुलं एका खोलीत कोंडलेली होती. तिथली सांभाळणारी बाई वैतागून तक्रार करत होती, की जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे शोधत फिरतात. मारियाने खोलीभर नजर टाकली. खोलीत काहीच नव्हतं. खेळणं नाही, पुस्तक नाही, हातात धरायला एखादा ठोकळासुद्धा नाही. मुलं भुकेली होती हे तिला दिसलं, पण ती भूक पोटाची नव्हती. हाताला काहीतरी हवं होतं, आणि त्या अख्ख्या खोलीत हाताला लागण्यासारखी एकच गोष्ट होती, पावाचा चुरा.

ही मुलं आजारी आहेत म्हणून त्यांना औषध द्यायचं, की ती शिकलेली नाहीत म्हणून त्यांना शिकवायचं? मारिया स्वतः डॉक्टर, तरी तिचं उत्तर दुसरं होतं. १८९८मध्ये तोरिनोला शिक्षकांची मोठी परिषद भरली होती. तिथे तिने हेच मांडलं, की हा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा जास्त आहे. डॉक्टरने स्वतःच्याच पेशाचा अधिकार थोडा बाजूला ठेवून शिक्षकांना पुढे या म्हणावं, हे तेव्हा नवीन होतं.

वर्गात कोण होतं?

आता आपल्या मुख्य शाळेकडे येऊ. या मुलांसाठी काम करणारी एक राष्ट्रीय संघटना तेव्हा इटलीत उभी राहिली होती. तिने १९००मध्ये रोमला एक संस्था सुरू केली, तिचं नाव ऑर्थोफ्रेनिक स्कूल. काम दुहेरी होतं. एका बाजूला विशेष मुलांना शिकवणारे शिक्षक तयार करायचे आणि त्याच जागेत मुलांचा एक छोटा वर्ग चालवायचा. मेडिकल कॉलेजला जसं हॉस्पिटल जोडलेलं असतं, अगदी तसं! संचालक दोघं होते, मारिया मॉन्टेसरी आणि तिचे सहकारी डॉ. जुझेप्पे मोंतेसानो. शिक्षकांच्या पहिल्या तुकडीत ६४ जणांनी नावं घातली. त्यांना मज्जासंस्था, मानसशास्त्र आणि विशेष मुलांना शिकवायच्या पद्धती असं सगळं शिकवलं जायचं.

आणि मुलांच्या वर्गात कोण? इथे जरा थांबा, कारण सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. मुलं दोन ठिकाणांहून आली होती. काही इस्पितळांमधून, काही रोमच्या साध्या प्राथमिक शाळांमधून. शाळांमधून आलेली मुलं म्हणजे ज्यांच्यापुढे शिक्षकांनी हात टेकले होते. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला खरोखर बौद्धिक अडचण असेल, तर दुसऱ्याला कदाचित नीट ऐकू येत नसेल, किंवा घरची परिस्थिती इतकी बिकट असेल की शाळेत लक्षच लागत नसेल. बाहेरच्या जगाने मात्र दोघांच्या कपाळावर एकच शिक्का मारलेला. एखाद्या विशेष शाळेचा हजेरीपट वाचलात, तर त्यात मुलांबद्दल जेवढं कळतं तेवढंच कळतं त्यांना बाहेर काढणाऱ्या शाळांबद्दल.

पूर्वी कुणी असं काम केलं होतं का? केलं होतं. फ्रान्समध्ये, शंभर वर्षांपूर्वी. अ‍ॅव्हेरॉनच्या जंगलात एक मुलगा सापडला होता, त्याचं नाव पुढे व्हिक्टर ठेवलं. १८००मध्ये त्याला पॅरिसला आणलं, तेव्हा जाँ इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकवायचा काही वर्षं प्रयत्न केला. व्हिक्टर नीट बोलायला शिकला नाही, पण कान, डोळे, स्पर्श यांच्यामार्फत शिकवायचे कितीतरी प्रयोग त्यातून मिळाले. इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने ते पुढे नेले, बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी वर्ग चालवले, नंतर तो अमेरिकेला गेला आणि तिथेही हेच काम केलं. डॉक्टर लोकांना ही दोन नावं माहीत होती, पण शाळेतल्या शिक्षकांपर्यंत ती पोचलीच नव्हती. मारियाने ती शोधून काढली. पॅरिस आणि लंडनला जाऊन तिथे विशेष मुलांचं काम कसं चालतं तेही पाहून आली.

मग ती स्वतः वर्गात उतरली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, ती मुलांसोबत असायची. दिवसभर शिकवायचं, पाहायचं, आणि रात्री बसून दिवसभरातल्या नोंदी काढायच्या. अशी साधारण दोन वर्षं. आपली शिक्षणशास्त्रातली खरी पदवी हीच दोन वर्षं, असं त्या पुढे आयुष्यभर मानत राहिल्या.

शिवण न जमणारी मुलगी

या वर्गात नेमकं काय चालायचं, हे कळायला एक उदाहरण पुरेसं आहे. मॉन्टेसरींनी ते स्वतःच लिहून ठेवलंय. वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातात ताकद होती, बोटं चालायची, पण शिवण काही केल्या जमेना. सुई वर-खाली काढायचा साधा धावदोराही येईना. कुठल्याही शाळेत काय झालं असतं? तेच तेच पुन्हा करून घेतलं असतं, वर दोन धपाटेही बसले असते.

मारियाने शिवण बाजूला ठेवलं. मुलीला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी आडवी घ्यायची, उभ्या पट्ट्यांच्या वरून, खालून, वरून, खालून न्यायची. मुलीला ते आवडलं, जमलंसुद्धा. काही काळाने पुन्हा सुई-दोरा दिला आणि ती शिवायला लागली. हाताची हालचाल तीच होती, वरून, खालून. ती आधीच हातात बसली होती. तेव्हापासून शिवणाच्या आधी विणकाम हा वर्गाचा नियमच झाला.

वाचायला गोष्ट छोटी वाटते. पण यातली गंमत अशी, की मुलगी नापास झाली तेव्हा बाईंनी मुलीला तपासलं नाही, धड्याला तपासलं. या धड्याच्या आधीची कुठली पायरी आपण द्यायची विसरलो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. लिहिण्याचंही तसंच झालं. आधी पाटी-पेन्सिल द्यायची नाही. लाकडाची मोठी अक्षरं करून घेतली, स्वर एका रंगाचे, व्यंजनं दुसऱ्या. मुलांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचं, जणू लिहीतच आहोत. अक्षर डोळ्यांच्या आधी बोटाला पाठ व्हायचं.

निकाल लागला, आणि मग...

आता येतो निकाल. या वर्गातली काही मुलं लिहा-वाचायला इतकी छान शिकली, की मारियाने त्यांना सार्वजनिक शाळेतल्या परीक्षेला बसवलं. तीच परीक्षा, तोच पेपर, शेजारी 'नॉर्मल' म्हणवली जाणारी मुलं. आणि ती पास झाली!

रोममध्ये एकच खळबळ. सरकारी अधिकारी, विद्यापीठातले प्राध्यापक, मानसोपचारवाले, सगळे ही शाळा बघायला येऊ लागले. लोकांना तो चमत्कारच वाटला. आपल्या भाषेत सांगायचं तर मारिया व्हायरल झाली.

पण तुम्ही जर कधी स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिला असेल, तर तुमच्या मनात शंका आली असेल. वर्ग लहान होता. 'काही' मुलं पास झाली, सगळी नाहीत. सोबतीला शिकाऊ शिक्षकांची फौज होती, डॉक्टर होते, दिवसाचे अकरा तास होते. यावरून सगळीकडच्या सगळ्या विशेष मुलांबद्दल निष्कर्ष काढता येईल का? नाही येणार. आणि बौद्धिक दिव्यांगत्व शिकवण्याने 'बरं' होतं असाही याचा अर्थ नाही. एवढं मात्र पक्कं सिद्ध झालं, की ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं शाळांनी लिहून दिलं होतं, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत शाळा साफ चुकल्या होत्या.

मारियाची स्वतःची प्रतिक्रिया तर आणखी वेगळी होती. सगळे या मुलांच्या निकालाचं कौतुक करत असताना ती दुसऱ्या बाकावरच्या मुलांकडे बघत होती. इस्पितळातून आलेलं मूल जर वर्ष-दोन वर्षांत इथवर पोचतं, तर धडधाकट, बिनअडचणीची मुलं त्याच रेषेवर का अडकलीयेत? ती तर कितीतरी पुढे असायला हवी होती. तिच्या मते आपल्या मुलांना योग्य तऱ्हेने शिकवलं गेलं होतं आणि बाकीच्यांना शाळेने दाबून ठेवलं होतं. बाकाला खिळवलेली, हलू न देणारी, बक्षीस आणि शिक्षा यांच्यावर चालणारी शाळा.

निकाल पाहून विद्यार्थ्यांबद्दल बोलणारे लोक आपण रोज भेटतो. ही बाई निकाल पाहून शाळेबद्दल बोलली.

स्वतःचा मुलगा

या यशाच्या काळातच तिच्या आयुष्यात एक गोष्ट चालू होती, जी बाहेर कुणालाच माहीत नव्हती. डॉ. मोंतेसानो आणि मारिया प्रेमात होते. ३१ मार्च १८९८ला त्यांना मुलगा झाला, मारियो. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला काम सोडावं लागलं असतं. लग्नाशिवाय आई झाल्याचं कळलं असतं, तरी काम गेलंच असतं. शेवटी बाळाला गावाकडच्या एका कुटुंबात ठेवण्यात आलं. आई अधूनमधून भेटायला जायची, पण आई म्हणून नाही.

१९०१मध्ये मोंतेसानोंनी दुसऱ्या बाईशी लग्न केलं. ज्या माणसासोबत शाळा उभी केली, त्याच्यासमोर रोज जाऊन बसणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी मारियाने ऑर्थोफ्रेनिक स्कूल सोडलं.

हा भाग वाचून तुम्हाला राग येऊ शकतो. जगाच्या मुलांसाठी झटणाऱ्या बाईने स्वतःचं मूल दूर ठेवलं, असं म्हणणारे तेव्हा नसले तरी नंतर खूप झाले. पण वडिलांचं नाव, नोकरी, लग्न, सगळं शाबूत राहिलं आणि किंमत एकीनेच मोजली, हेही त्यासोबत म्हणायला हवं. मारियाची आई १९१२मध्ये वारली. त्यानंतर साधारण पंधरा वर्षांचा मारियो तिच्याकडे राहायला आला. पुढेही बरीच वर्षं लोकांना तो भाचा किंवा मानलेला मुलगा म्हणूनच सांगितला गेला.

सान लोरेन्झोची पोरं

शाळा सोडल्यावर मारिया परत विद्यार्थी झाली. तिशी ओलांडलेली, नावाजलेली डॉक्टर पुन्हा रोम विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली. इतार आणि सेगँचं लिखाण तिने फ्रेंचमधून इटालियनमध्ये उतरवलं, तेही स्वतःच्या हाताने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. घाईने वाचून सुटू नये, प्रत्येक शब्दावर थांबावं लागावं म्हणून. पुढे त्याच विद्यापीठात तिने शिकवलंही.

मग १९०७ साल उजाडलं. रोममधली सान लोरेन्झो ही गरीब मजुरांची वस्ती. एका कंपनीने तिथल्या इमारती दुरुस्त करून कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आई-बाप दिवसभर कामावर, मोठी भावंडं शाळेत, आणि मधली तीन ते सहा-सात वर्षांची पोरं जिन्यात धुडगूस घालत, भिंती रंगवत फिरायची. कंपनीला भिंतींची काळजी! पोरांना एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं होतं. मारियाला विचारलं, ती लगेच तयार झाली. कारण इतकी वर्षं डोक्यात असलेला प्रश्न तपासून बघायची हीच संधी होती. विशेष मुलांसाठी बनवलेली साधनं साध्या मुलांना दिली तर काय होईल?

६ जानेवारी १९०७ला 'कासा देई बाम्बिनी' सुरू झालं. म्हणजे मुलांचं घर. पन्नासेक मुलं, बहुतेकांचे आई-बाप निरक्षर. शिकवायला पदवीधर शिक्षिका नव्हतीच. मारियाने मुलांच्या उंचीच्या खुर्च्या-टेबलं करून घेतली, साधनं मांडली आणि मुलांना हवं ते उचलू दिलं. लाकडी अक्षरांचा महागडा संच काही मिळेना, म्हणून पॉलिश कागदाची, म्हणजे खरखरीत सँडपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. स्वस्तातला उपाय, पण तोच जास्त चालला, कारण खरखरीत अक्षर बोटाला बरोबर कळतं. आजही जगभरच्या मॉन्टेसरी वर्गांत ती अक्षरं असतात.

त्या वर्षीच्या डिसेंबरमधली गोष्ट. ऊन छान पडलेलं, मुलं गच्चीवर खेळत होती. मारियाने एका पाच वर्षांच्या मुलाला खडू दिला आणि समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने ते जमिनीवर काढलं. मारियाने त्याचं कौतुक केलं, आणि तो आपणहून एकदम लिहायलाच लागला. एक शब्द, दुसरा, तिसरा. त्याला लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवून हात आधीच तयार झाला होता. त्याचं ओरडणं ऐकून बाकीची पोरं गोळा झाली, त्यांनीही खडू मागितले आणि एकामागून एक लिहीत सुटली.

१९०९मध्ये तिचं या पद्धतीवरचं पुस्तक आलं, १९१२मध्ये इंग्रजीत गेलं. १९१३मध्ये ती अमेरिकेला गेली, तेव्हा व्याख्यानांना तुडुंब गर्दी. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात तर चक्क काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता, बाहेरून लोक बघतायत आणि आत मुलं आपल्या नादात.

हुकूमशहा, युद्ध आणि अहमदनगर

प्रसिद्धीबरोबर एक अडचणीचा मामलाही आला. १९२४पासून मुसोलिनीच्या सरकारने मॉन्टेसरी शाळांना पाठिंबा दिला आणि बाईंनी तो घेतला. शाळा वाढतायत ना, मग सरकार कुठलं याकडे त्यांनी काणाडोळा केला. हा त्यांच्या चरित्रातला डाग आहे आणि तो पुसायची गरज नाही. आज्ञाधारक सैनिक हवे असलेलं सरकार आणि स्वतः निवड करणारं मूल घडवणारी शाळा, दोघांचं फार काळ जमणार नव्हतंच. १९३४मध्ये फाटलं, इटलीतल्या शाळा बंद झाल्या, बाईंनी देश सोडला. जर्मनीत नाझींनीही त्यांच्या शाळा बंद पाडल्या. बार्सिलोनात आसरा घेतला, तर १९३६ला तिथे यादवी युद्ध पेटलं. मग हॉलंड.

आणि १९३९मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या भारतात आल्या. चेन्नईला अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीने बोलावलं होतं. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. पहिल्याच कोर्सला तीनशेहून जास्त शिक्षक आले. पण जून १९४०मध्ये इटली जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरली आणि भारतातले सगळे इटालियन ब्रिटिशांच्या लेखी शत्रू ठरले. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी. मारियोला अटक झाली आणि त्याला ठेवलं कुठे, तर आपल्या अहमदनगरच्या कॅम्पमध्ये!

दोन-अडीच महिन्यांनी, ३१ ऑगस्ट १९४०ला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारियोची सुटका केली. तारेत कळवलं होतं की वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा परत पाठवतोय. आयुष्यभर जगाला भाचा म्हणून सांगितलेल्या माणसाला 'मुलगा' म्हटलं गेलं, ते असं सरकारी कागदावर. तो बेचाळीस वर्षांचा होता.

युद्धाच्या काळात मायलेक भारतातच राहिले, कोडाईकनाल, अहमदाबाद असं फिरून शिकवत राहिले. भारतात हजाराहून जास्त शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ६ मे १९५२ला हॉलंडमधल्या नूर्डवाइक गावी त्यांचं निधन झालं. नोबेल शांतता पुरस्कारासाठी तीनदा नामांकन झालं, मिळालं एकदाही नाही.

तारपा ऐकत भरणारी शाळा

आपल्या महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर हा विचार मॉन्टेसरी स्वतः येण्याआधीच पोचला होता. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत मुंबईच्या ताराबाई मोडक यांनी तो वीसच्या दशकातच उचलला. परदेशी साधनं महाग, गावात कोण घेणार? ताराबाईंनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, ते गावात मिळतील त्या वस्तू साधनं म्हणून वापरून. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची. वारली पोरं गुरांमागे जातात, तर गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवायची. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ या प्रयोगात आहे. रोममध्ये शिवणाऱ्या मुलीच्या बाबतीत जे झालं तेच इथे झालं. मूल बसत नाही म्हणून मुलाला दोष न देता शाळेने आपली बसण्याची जागा बदलली.

तुमच्या वर्गात कोण आहे?

मग आज ही गोष्ट तुम्हाला का सांगायची? कारण तिचा एक शेवट जरा टोचणारा आहे. जी साधनं इस्पितळात कोंडलेल्या मुलांसाठी तयार झाली, नंतर मजुरांच्या पोरांच्या हातात गेली, ती आज बऱ्याचदा भरमसाट फी भरणाऱ्यांच्या बालवाडीत दिसतात. आणि ज्यांच्यामुळे ती तयार झाली, त्या मुलांचे आई-बाप अजूनही या शाळेतून त्या शाळेत प्रवेशासाठी हिंडतात.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत. त्यात बौद्धिक दिव्यांगत्व आहे, स्वमग्नता आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आहेत. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांनी किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ठेवायच्या, असंही तोच कायदा सांगतो. आता तुमच्या वर्गातल्या शंभर जणांकडे बघा आणि मोजा. पाच जण दिसतात का? नसतील, तर ते कुठल्या इयत्तेत, कुठल्या दारात अडले असतील?

उत्तर एका दिवसात मिळणार नाही, पण काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. परीक्षेच्या काळात लेखनिक शोधणारे विद्यार्थी प्रत्येक शहरात असतात, त्यांच्यासाठी तीन तास देता येतात. एनएसएसचे तास भरायचेच असतील, तर जवळच्या विशेष शाळेत विचारून बघा, त्यांना फोटोपुरते पाहुणे नकोत, नियमित येणारी माणसं हवी असतात. बीएड, मानसशास्त्र, डिझाईन, कॉम्प्युटर शिकणाऱ्यांना तर तिथे अभ्यासाचा विषयच मिळेल. एखादा धडा का जमत नाही, त्याच्या आधीची पायरी कोणती, हे शोधायला डोकं लागतं.

आणि वर्गात कुणाला चौथ्यांदा केटी लागली, की मागच्या बाकावरून एक ठरलेला शब्द येतो. तो शब्द तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी तो तोंडावर आला, तर रोममधला तो वर्ग आठवा. त्या मुलांना हाच शब्द शाळेने दाखल्यावर लिहून दिला होता.